अमेरिकेतील शहर निवडताना

गोमेकॉतून एम.बी.बी.एस. होऊन बाहेर पडणाऱ्या डिचोली-पेडण्यातील मुलामुलींपैकी काहीजण अमेरिकेचा विचार करतात. "सर, न्यूयॉर्क बरे, शिकागो बरे की ह्यूस्टन?" हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा ऐकावा लागतो. शेजारी बसलेल्या आईवडिलांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो. या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. परदेशी डॉक्टरला शहर निवडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य नसते. यूएसएमएलई परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर रेसिडेन्सीसाठी अनेक रुग्णालयांकडे अर्ज करावे लागतात. मुलाखतींनंतर उमेदवार आपल्या पसंतीचा क्रम लावतो, रुग्णालयेही आपला क्रम लावतात आणि संगणक दोहोंचा मेळ घालतो. १९५२ पासून चालत आलेली ही पद्धत 'मॅच' या नावाने ओळखली जाते. तिचा निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो आणि तो बंधनकारक असतो. म्हणून जिथे जाण्याची तयारीच नाही, असे नाव यादीत घालू नये. १९९८ पासूनची गणनपद्धती उमेदवाराच्या पसंतीला अग्रक्रम देते. तेव्हा 'हे रुग्णालय आपल्याला घेईल का' असा हिशेब न करता खऱ्या आवडीनुसारच क्रम लावावा. पतिपत्नी दोघेही डॉक्टर असल्यास त्यांना आपल्या याद्या जोडून देता येतात.

दुसरा विचार व्हिसाचा. बहुतेकांना जे-वन व्हिसा मिळतो. त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ही अट माफ करून घेण्याचा एक मार्ग म्हणजे १९९४ साली सुरू झालेली कॉनराड योजना. डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे पूर्णवेळ सेवा केल्यास माफी मिळू शकते. आरंभी प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ पासून त्या ३० झाल्या. ज्यांच्या नावाने ही योजना ओळखली जाते, ते सिनेटर केंट कॉनराड नॉर्थ डकोटा या विरळ वस्तीच्या राज्याचे. एच-वन-बी व्हिसा सर्वच रुग्णालये देत नाहीत. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश निघाला. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच रुग्णालयाकडे याबाबत चौकशी करणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ असा की न्यूयॉर्कची स्वप्ने पाहणारा आपला डॉक्टर उमेदीची काही वर्षे एखाद्या आडगावी काढण्याचा संभव मोठा. खेड्यापाड्यांत डॉक्टर टिकत नाहीत, ही आपल्याकडची तक्रार तिथेही आहे आणि तेथील उणीव आपली मुले भरून काढतात. हा टोमणा नव्हे. खेड्यातील रुग्णसेवा कमीपणाची मानणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे, एवढेच सांगणे आहे.

तरीही दोन-तीन पर्याय हाती असतील, तर शहराचे गुणदोष अवश्य पाहावेत. रेसिडेंटच्या वेतनात शहरागणिक फारसा फरक नसतो, घरभाड्यात मात्र प्रचंड असतो. न्यूयॉर्कमध्ये गाडीवाचून भागते, ह्यूस्टनमध्ये भागत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही आणि ह्यूस्टनची दमट हवा गोवेकराला परकी वाटणार नाही. शिकागोचा हिवाळा कडक, परंतु मराठी माणसांचे पाठबळ जुने. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली तिथेच झाली.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, त्या फिलाडेल्फिया शहराच्या ओढीने नव्हे. स्त्रियांना वैद्यक शिकविणारे महाविद्यालय तिथे होते आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाचा आधार होता. मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विद्या कुठे मिळेल आणि आपले म्हणावे असे कोण असेल, हे दोन निकष आजही तितकेच खरे आहेत.

आता आईवडिलांच्या मनातील प्रश्न. पेडण्याच्या एका गृहस्थांनी मला शहराचे नावही विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तिथून घरी पोचायला किती वेळ लागेल?" मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तरी तिथून अमेरिकेला थेट विमान नाही. शिवाय रेसिडेंटची रजा मोजकी असते. व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर घरी आलेल्या मुलाला परतण्यापूर्वी वकिलातीची वारी करावी लागते. चवथीला दरवर्षी येता येईलच असे नाही. वडिलांना पक्षाघात झाला तर पहिले चोवीस तास कोण धावणार, हे घरात बसून, नावानिशी ठरवावे. कोणत्या शेजाऱ्याकडे किल्ली, कोणत्या डॉक्टरकडे जुने कागद, बँकेत सही कोणाची, हे सारे मुलगा निघण्यापूर्वी लिहून ठेवावे. आपल्या संस्थेच्या सभासदांनी अशा घरांची आपुलकीने विचारपूस केली, तर तीही रुग्णसेवाच ठरेल.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा क्रम सुचवितो: आधी शिक्षणाचा दर्जा, मग व्हिसा, मग घरी पोचण्याची सोय आणि शेवटी शहराची हवा व झगमगाट. जे जातील त्यांना शुभेच्छा. जे इथेच राहून डिचोली-पेडण्याची सेवा करतील, त्यांच्याविषयीही आपल्याला तितकाच अभिमान वाटला पाहिजे.