प्रबंधलेखनातील शब्दयोजना व वाक्यरचना

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. माहिती श्रमपूर्वक जमविलेली असते. परंतु शब्द सैल पडल्यामुळे ती वाचकाच्या हाती लागत नाही. बिलोली तालुक्यातील जमीनधारणा हा विषय अभ्यासास घेतल्यास याचा चांगला प्रत्यय येतो.

नांदेड जिल्ह्यातील हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या महसुली व्यवस्थेत सारा भरण्याची थेट जबाबदारी ज्याच्यावर असे व ज्याचे नाव सरकारी दप्तरी लागलेले असे, तो पट्टेदार होय. त्याच जमिनीत प्रारंभापासून त्याच्यासह वहिवाट असणारा तो शिकमीदार. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे ते कूळ. पुढे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० याने काही कुळांना ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा दिला. या सर्वांसाठी ‘शेतकरी’ हा एकच शब्द योजला, की अभ्यासाचा विषयच नाहीसा होतो; कारण येथे प्रत्येक शब्दामागे एक निराळा हक्क उभा आहे. पुनरुक्ती टाळण्यासाठी एकाच कुळास पुढील ओळीत ‘कास्तकार’ म्हणणे ललित लेखनात कदाचित शोभेल. प्रबंधात मात्र त्यामुळे माणूस बदलल्याचा भास होतो.

वाक्याचेही तसेच आहे. “सदर अधिनियमाच्या अंमलबजावणीच्या अनुषंगाने मालकीच्या संदर्भात परिवर्तनाची प्रक्रिया घडून आल्याचे दिसून येते,” या वाक्यात कोणी काय केले, हे कळत नाही. त्याऐवजी “अधिनियमात सांगितलेल्या कारणांवाचून जमीनमालकास संरक्षित कूळ काढता येत नसे,” असे लिहावे. पहिले वाक्य खोडून काढता येत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. दुसरे पडताळून पाहता येते, आणि हाच त्याचा गुण होय. वाक्यात कर्ता स्पष्ट झाला, की लेखकावर पुराव्याची जबाबदारी येते. ‘दिसून येते’, ‘करण्यात आले’ अशा रचनांचा आश्रय पुष्कळदा ती टाळण्यासाठीच घेतला जातो.

कालोल्लेखातही हीच दक्षता हवी. जुन्या कागदांतील फसली साल इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे असते. म्हणून कोणते साल अभिप्रेत आहे, ते नमूद करावे.

दप्तरात अनेकदा जमीन कसणाऱ्याचे नाव नसते. निदान आपल्या वाक्यातून तरी तो गळू नये.