गुळव्याविना गुऱ्हाळ

वर्तमानपत्रांत ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ असा मथळा दिसला की कोल्हापूरकराला जरा लागतेच. गुऱ्हाळ काही उगाच चालत नाही. काहिलीतल्या रसावरची मळी कधी काढायची, पाक कधी आला, हे गुळव्या ठरवतो. थेंबभर पाक पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. जरा उशीर झाला की गूळ करपतो. आघाड्यांच्या बैठकांत नसतो तो हा गुळव्या.

२०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीत शिवसेना (ठाकरे), काँग्रेस आणि राष्ट्रवादी (शरद पवार) असे तीन पक्ष आणि जागा ४८. अशा वेळी ‘किती जागा’च्या आधी ‘मोजायचे कशाने’ हे ठरावे लागते. ‘गेल्या वेळी ज्याने जिंकली त्याची जागा’ हे माप वरवर सरळ वाटते. पण २०१९ ला शिवसेनेने जिंकलेल्या कोल्हापूर आणि हातकणंगलेचे दोन्ही खासदार पक्षफुटीनंतर एकनाथ शिंदेंच्या गटात गेले. खासदार गेला, मग जागा कोणाची? ज्याचे माप बैठकीत आधी मान्य होते, त्याने निम्मी लढाई तिथेच मारलेली असते.

कोल्हापुरात उमेदवाराच्या नावावर आधी एकमत झाले. राजघराण्यातल्या शाहू छत्रपतींना विरोध करणार कोण? जागा काँग्रेसकडे गेली. पण शिवसेनेने (ठाकरे) हिशेब मांडला : कोल्हापूर सोडले, आता सांगली आमची. बोलणी संपायच्या आधीच, २१ मार्चला, उद्धव ठाकरेंनी मिरजेच्या सभेत चंद्रहार पाटलांचे नाव जाहीर केले. बंद दाराआड मागे घेता येणारी गोष्ट व्यासपीठावरून बोलली की मागे घेता येत नाही. ९ एप्रिलला, गुढीपाडव्याला, शिवसेना २१, काँग्रेस १७, राष्ट्रवादी १० असे वाटप जाहीर झाले तेव्हा सांगली शिवसेनेकडेच राहिली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडूनही आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा.

असे तुकड्यातुकड्याने ठरवण्यावर उत्तर आयर्लंडच्या शांतताचर्चेत एक नियम होता : सगळे ठरेपर्यंत काहीच ठरले नाही असे समजायचे. १९९६ च्या जूनमध्ये बोलणी सुरू झाली आणि पुढचे कित्येक महिने कार्यपद्धती व कार्यक्रमपत्रिका यांवरच गेले. आपण याला कालापव्यय म्हटले असते. अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल, म्हणजे भांडणात ज्याची जमीन नाही असा माणूस. शेवटी त्यांनीच मुदत घातली आणि १० एप्रिल १९९८ ला करार झाला.

आपल्याकडे मुदत घालतो तो निवडणूक आयोग. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजता काय होते, यावरच खरा निकाल. २०२४ च्याच विधानसभेला कोल्हापूर उत्तर काँग्रेसला सुटली, म्हणजे तिन्ही पक्षांतले काम झाले होते. राहिले होते काँग्रेसच्या घरातले. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांना उमेदवारी दिली, मग बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना. लाटकर अपक्ष म्हणून राहिले. ४ नोव्हेंबरला मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. काँग्रेसला पाठिंबा द्यावा लागला तो लाटकरांनाच, आणि मतदानाच्या दिवशी कोल्हापूर उत्तरच्या यंत्रावर हाताचे चिन्ह नव्हते.