बहुफळी लिंबूवर्गीय कलम

बहुफळी लिंबूवर्गीय कलम म्हणजे एकाच खुंटावर दोन किंवा अधिक प्रकारच्या लिंबूवर्गीय फळझाडांचे डोळे भरून वाढवलेले झाड होय. अशा झाडाच्या एका फांदीवर संत्री, दुसरीवर मोसंबी, तर तिसरीवर लिंबे लागतात. जागा अपुरी असलेल्या परसबागेत अशी झाडे हौसेने लावली जातात. सर्व फांद्या एकाच मुळांवर पोसल्या जात असल्या, तरी फळांच्या गुणधर्मांची सरमिसळ होत नाही.

शास्त्रीय आधार

संत्रे, मोसंबी, लिंबू, पपनस व महाळुंग ही सर्व झाडे रूटेसी कुलातील सिट्रस प्रजातीत मोडतात. या निकटच्या नात्यामुळे त्यांचे परस्परांवर केलेले कलम सहसा जुळते. आंबा किंवा पेरू यांचे संत्र्यावर जुळत नाही. साल व लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा वाढत्या पेशींचा पातळ थर असतो. खुंट व डोळा यांचे हे थर सांधले गेले की पाणी, क्षार व अन्नरस यांची देवघेव सुरू होते. पेशींतील आनुवंशिक द्रव्य मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहते. शेजारच्या फांदीवरील पराग फुलावर पडले, तरी गराची जात बदलत नाही.

बिझारिया

या नियमाला अपवाद वाटावा असे एक झाड १६४४ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्सजवळ आढळले. त्याच्या एकाच फळात महाळुंग व आंबट संत्रे या दोहोंचे भाग दिसत. पिएत्रो नाती यांनी १६७४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा संकर नसून कलमाच्या सांध्यातून फुटलेला, दोन्ही वनस्पतींच्या ऊतींचा मिश्र कोंब होता, हे पुढे स्पष्ट झाले. अशा वनस्पतीला कायमेरा म्हणतात. तिच्यातही प्रत्येक पेशी मूळच्या एकाच वनस्पतीची असते.

पद्धत

विदर्भात संत्र्याची कलमे जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून करतात. म्हणजे नेहमीचे संत्र्याचे झाडही दोन वनस्पतींचे जोडझाडच असते. बहुफळी कलमात हीच क्रिया निरनिराळ्या फांद्यांवर केली जाते. सालीला इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा छेद देऊन त्यात डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात.

निगा

सर्व फांद्या सारख्या वेगाने वाढत नाहीत. लिंबाची फांदी बहुधा जोमाने वाढून संत्र्याच्या फांदीला झाकोळते. म्हणून जोमदार फांदीची छाटणी अधिक करावी लागते. सांध्याखालून येणारी खुंटाची फूट वेळीच काढली नाही, तर कलम केलेल्या फांद्या दुबळ्या होतात.

रोगाचा धोका

समाईक रसवाहिन्यांतून विषाणूही पसरतात. ट्रिस्टेझा या विषाणुरोगाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राझील व अर्जेंटिनामध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावरील लक्षावधी झाडे नष्ट केली. हा विषाणू मावा किडीप्रमाणेच बाधित डोळ्यातूनही पसरतो. काही वाण तो बाळगूनही निरोगी दिसतात. कागदी लिंबू मात्र त्याला इतके संवेदनशील आहे की रोगाच्या परीक्षणासाठी त्याची रोपे वापरली जातात. परिणामी, वरकरणी निकोप अशा एका डोळ्यामुळे त्याच झाडावरील लिंबाची फांदी रोगट होऊ शकते. डोळे जितक्या अधिक झाडांवरून घ्यावेत, तितका हा धोका वाढतो. त्यामुळे प्रत्येक डोळकाडी रोगमुक्त मातृवृक्षाचीच असणे आणि कलमाचा चाकू दर वेळी निर्जंतुक करणे आवश्यक ठरते.