वेताळाची गादी आणि तिचा वारस

मराठी वाचक ज्यास 'वेताळ' म्हणून ओळखतात, तो ली फॉक यांचा चित्रकथानायक ही एक व्यक्ती नसून ते एक पद आहे. या साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळेच त्याच्या वारसाविषयीच्या अलीकडील वादास विनाकारण कटुता आली. १५३६ साली समुद्रावरील चाच्यांनी एका खलाशाची हत्या केली. त्याचा पुत्र लाटांबरोबर किनाऱ्यास लागला. बांदर जमातीच्या लोकांनी त्यास वाचविले. आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी व अन्याय यांच्या निर्दालनाची शपथ घेतली. ही शपथ त्याने केवळ स्वतःपुरती न घेता आपल्या पुत्रपौत्रांसही तिने बांधून टाकले. तेव्हापासून एक वेताळ मेला की त्याचा मुलगा तोच पोशाख चढवितो, तोच मुखवटा धारण करतो, आणि अरण्यातील लोक समजतात की चारशे वर्षांपूर्वीचाच पुरुष अद्याप जिवंत आहे. आज आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा होय. त्याच्या मागील वीसजण कवटीगुहेतील तळघरात चिरनिद्रा घेत आहेत.

ही कल्पना १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील दैनिकांत प्रथम अवतरली. चित्रे रे मूर यांची होती. फॉक यांच्या मनात आरंभी निराळाच बेत होता. जिमी वेल्स नावाचा एक सुखवस्तू तरुणच मुखवट्यामागील पुरुष ठरावयाचा होता. कथा चालू असतानाच तो बेत सोडून त्यांनी पिढ्यांच्या परंपरेची कल्पना स्वीकारली. ज्या वंशाच्या शुद्धतेसाठी पुढे इतकी भांडणे झाली, तो वंश मुळात लेखकाच्या मनःपालटातून जन्मास आला, हे येथे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

मराठीत हा नायक आला तो टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्स या मालेतून. ही माला इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत निघत असे. भारतीय वाचकांसाठी त्यात काही फेरफार करण्यात आले. देशाचे नाव 'डेंकाली' झाले, आणि चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव, येथील समाजाच्या भावना ध्यानी घेऊन, 'सिंगा' असे बदलण्यात आले. परंतु सर्वांत मोठा फेरफार नायकाच्या नावातच झाला. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला. मराठीत व हिंदीत त्यास भुतांच्या राजाचे नाव मिळाले. गोव्यात लोलये, आमोणे यांसारख्या गावी बेताळ हा ग्रामदैवत म्हणून पूजिला जातो, आणि पुण्यात तर एका संबंध टेकडीस वेताळाचे नाव आहे. न मरणारा, गावाची राखण करणारा, भयंकर तरी आपला, असा हा देव मराठी मनास पूर्वीच ठाऊक असल्यामुळे परदेशी नायकास येथे ओळखपत्राची गरज पडली नाही.

त्याच्या गादीची रीतही येथे परकी वाटण्यासारखी नव्हती. मावळातील टाकवे बुद्रुकसारखे कोणतेही एक गाव घ्यावे. 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग' यापासून आला असून त्याचा अर्थ वडील, मोठे असा होतो. त्याच तालुक्यात टाकवे खुर्द, म्हणजे धाकटे टाकवे, हेही गाव आहे. जेथे गावांच्या नावांतही वडीलकी व धाकुटेपण नोंदविलेले असते, तेथे वारसा ही केवळ घरातील बाब राहत नाही. अशा गावचा पाटील म्हणजे कोणी एक मनुष्य नव्हे. मनुष्य मरे, पाटील मरत नसे. वतनपत्रांत वतन पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने चालवावे असे लिहिले जाई. फॉक यांच्या शपथेतील शब्दांचा आशय याहून फारसा भिन्न नाही. वतनदार अल्पवयी असला वा आजारी पडला तर मुतालिक त्याच्या वतीने काम पाही, आणि वतन मात्र मूळ धन्याचेच राही. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी रद्द झाली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी वतनाच्या रीतीने चालणारा हा नायक मराठीत आला. योगायोगाहून अधिक अर्थ त्यास देऊ नये. तथापि ज्या पिढीने घरात मानपानाचे तंटे ऐकले होते, तिला एकविसाव्या वेताळाचे स्थान समजावून सांगावे लागले नसावे, एवढे खास.

मृताच्या पोशाखात दुसऱ्याने उभे राहण्याचा एक प्रसिद्ध प्रकार मराठी इतिहासातही घडला आहे, आणि त्याचा संबंध याच मावळाशी येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; पुढे भाऊ म्हणविणारा एक तोतया प्रकट झाला. १७७६ मध्ये कैदेतून सुटून त्याने कोकणात फौज जमविली व बोरघाटाच्या वाटेने राजमाचीपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी तो पकडला जाऊन पुण्यात देहान्त शासनास पात्र ठरला. लोकांपैकी अनेकांस तो खराच भाऊ वाटत होता. तोतया व वेताळ यांची युक्ती एकच आहे: मेलेला पुरुष मेला नाही असे लोकांनी मानावे. भेद इतकाच, की तोतयास वंश नव्हता आणि वेताळास तो आहे. वंश असला की ज्यास फसवणूक म्हणावयाचे तिलाच परंपरा म्हणतात. शाहू व ताराबाई यांच्यातील १७०७ पासूनचा तंटा, जो १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्यांवर येऊन थांबला, तोही खरा वारस कोण याच प्रश्नावरून पेटला होता.

आता मूळ वादाकडे वळावे. फॉक यांनी एकविसाव्या वेताळास सुमारे त्रेसष्ट वर्षे गादीवर ठेवले. १९७७ मध्ये त्याचे डायना पामरशी लग्न झाले, १९७९ मध्ये किट व हेलॉइज ही जुळी भावंडे जन्मास आली, आणि तेथे काळ जणू थबकला. पित्याचे वय वाढेना. मुले फार सावकाश वाढू लागली. १३ मार्च १९९९ रोजी फॉक निवर्तले. त्यानंतर लेखणी प्रथम दोघांकडे व पुढे मुख्यतः टोनी डीपॉल यांच्याकडे आली. डीपॉल यांनी मुलांस मोठे केले. किटला हिमालयातील मठात शिक्षणास पाठविले, हेलॉइजला न्यूयॉर्कला. आणि हेलॉइजकरवी नोमॅड नावाच्या भयंकर दहशतवाद्याचा पाडाव करविला. मग २०२१ नंतर, माइक मॅन्ली यांच्या चित्रांसह, एक दीर्घ कथाचक्र आले. वृद्ध द्रष्टा मॉझ वेताळास सांगतो की ग्रेव्हलाइन्सच्या तुरुंगातून सवर्णा देवी या स्त्रीस सोडविण्यास तू गेलास, तर त्यातून तुझा मृत्यू व तुझ्या वंशाचा विनाश ओढवेल. मग ते भविष्य वाचकांपुढे प्रसंगाप्रसंगाने, महिनोन्महिने, घडताना दाखविले जाते. नायक मरतो, परंतु भविष्यात.

या कथाचक्राने वाचकांत दोन तट पडले. एका पक्षाच्या मते आमच्या वेताळास मारण्याचा अधिकार फॉक यांच्याखेरीज कोणासही नाही, आणि फॉक यांनी तो वापरला नाही हाच त्यांचा निर्णय मानावा. दुसऱ्या पक्षाच्या मते मृत्यू हा या कथेचा पायाच आहे; ज्या घरात वीस बाप पुरले आहेत तेथे एकविसाव्याचा विचारही करू नये हे म्हणणे विपरीत होय. दुसरा पक्ष येथे निःसंशय बळकट आहे. पहिल्या पक्षास ज्याचा भंग झाला असे वाटते तो नियम नव्हे, सवय आहे. साय बॅरी यांनी १९६१ पासून १९९४ पर्यंत एकच चेहरा रेखाटला. भारतातील दोन पिढ्यांनी तोच पाहिला. पद अमर आहे हे कथेने सांगितले होते. मनुष्य अमर आहे हे त्या स्थिर चेहऱ्याने पटविले.

तरीही पहिल्या पक्षाच्या तक्रारीत एक अंश खरा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भविष्यकथनाची योजना लेखकास मारण्याची व न मारण्याची अशी दोन्ही मोकळीक देते. शोकाचा पुरा भार वाचकाने वाहावयाचा आणि त्याची जबाबदारी मात्र लेखकाने घ्यावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. पुत्रास गादीवर बसविणे हे धाडस असते. ते स्वप्नात बसवून पाहणे हे त्याहून सुरक्षित. डीपॉल यांची खरी कामगिरी त्या मृत्यूच्या दृश्यात नसून, आजवर केवळ नावापुरत्या असलेल्या दोन मुलांस स्वभाव देण्यात आहे.

येथेच कन्येचा प्रश्न येतो. शपथ पुत्रांची आहे. परंतु पूर्वीच्या एका वेताळाची बहीण ज्युली हिने, भाऊ असमर्थ असता, तोच पोशाख घालून त्याचे काम केले अशी कथा स्वतः फॉक यांनीच १९५२ च्या सुमारास लिहिली. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ज्युली ही मुतालिक होती. काम तिचे, वतन भावाचे. हेलॉइजच्या बाजूने बोलणाऱ्या वाचकांचे म्हणणे असे की ही मुतालिकी आता वतनात बदलावी, कारण कर्तबगारी तिने आधीच दाखविली आहे. विरोधकांचे म्हणणे असे की शपथेचे शब्द बदलले तर शपथ उरत नाही. ताराबाईंच्या बाबतीत गादीवर पुत्राचे नाव होते आणि राज्य तिने चालविले. त्या काळासही नाव व काम यांची ही फारकत नवी नव्हती.

परंतु या सर्वांच्या मुळाशी दुसराच वारसाहक्क आहे, तो निर्मात्यांचा. कथासरित्सागरातील वेताळाच्या कथांपैकी एकीत राजास एक कोडे घातले आहे. सुळावर चढविलेला एक चोर मरतेवेळी आपले द्रव्य देऊन एका कन्येचे पाणिग्रहण करतो; तिला दुसऱ्या पुरुषापासून पुत्र होतो; ते मूल राजद्वारी ठेवले जाते व राजा त्याचे पालन करतो. पुढे राजा झालेला तो पुत्र पिंडदानास बसतो तेव्हा पाण्यातून तीन हात वर येतात. पिंड कोणाच्या हाती द्यावा? विक्रमाचे उत्तर असे की चोराच्या. कारण विधी त्याचा, द्रव्य त्याचे, बाकीच्या दोघांनी मोबदला घेतला होता.

फॉक, मूर, मॅकॉय, बॅरी, डीपॉल, मॅन्ली यांची रांग या कोड्यापुढे उभी केली तर उत्तर तितके सोपे राहत नाही. कल्पना एकाची, रूप दुसऱ्याने दिले, आणि हक्क किंग फीचर्स सिंडिकेट या संस्थेचे. संस्था हीच येथे मूल वाढविणारा राजा. पुढील लेखकाची नेमणूक तीच करते, वाचक करीत नाहीत आणि मृत निर्माताही करीत नाही. स्वीडनमध्ये 'फँटोमेन' हे मासिक १९५० पासून निघते व त्याच्या लेखकांनी आपापल्या कथा स्वतंत्रपणे रचल्या. ऑस्ट्रेलियात फ्रू या संस्थेने १९४८ पासून प्रकाशन चालविले. १९९४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तर चोविसावा वेताळ दाखविण्यात आला. म्हणजे गाद्या आधीच अनेक झाल्या आहेत, आणि कोणत्या शाखेस वडीलकी द्यावी यावर वाचकांचे एकमत नाही. दैनिकांतील शाखेस बहुतेक लोक वडील शाखा मानतात, ती केवळ फॉक यांनी तेथे लेखणी चालविली म्हणून.

मराठी वाचकांची अडचण निराळी आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. तोपर्यंत किट व हेलॉइज लहानच होती, आणि त्या मालेत हा नायक मुख्यतः बॅरी यांच्याच चेहऱ्याने वावरला. पुढे जे घडले ते ज्यांनी वाचले त्यांनी इंग्रजीतून वाचले, आणि वारसाविषयीच्या वादातही ते इंग्रजीतूनच उतरले. मराठीत या कथेची गादी रिकामी पडलेली नाही, पण तिचा वारस मराठीत अजून वयातही आलेला नाही.