डोक्यातली कॉमेंट्री म्यूट कशी करायची?

३० ऑक्टोबर २०२५. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया आणि टार्गेट ३३९. महिलांच्या वनडेत तोपर्यंत एवढा मोठा स्कोअर कुणीच चेस केला नव्हता. आपण तिसऱ्या नंबरवर खेळणार आहोत हे जेमिमा रॉड्रिग्जला कळलं तेव्हा बॅटिंगला उतरायला जेमतेम पाच मिनिटं होती. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं, नंतर रील्समध्ये शंभरदा पाहिलं. १३४ चेंडूंत नाबाद १२७. नऊ चेंडू आणि पाच विकेट राखून भारत जिंकला आणि जेमी मैदानातच रडायला लागली.

मॅच संपल्यावर ती जे बोलली, ते मात्र स्कोअरकार्डपेक्षा जास्त आपल्या कामाचं आहे. या स्पर्धेत मी जवळपास रोज रडले, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. अँग्झायटीने तिला घेरलं होतं. आईला फोन लावायचा आणि रडत राहायचं, असे दिवस चालले होते. पहिल्या चार मॅचमध्ये दोनदा शून्यावर आउट, मग इंग्लंडविरुद्ध थेट टीमबाहेर. २०२२च्या वर्ल्ड कपसाठीही तिची निवड झाली नव्हती. म्हणजे ‘तुला नाही जमणार’ म्हणणाऱ्या आवाजाकडे पुरावेही तयार होते!

हा आवाज आपल्यालाही नवा नाही. केटी लागली की तो म्हणतो, ‘बघ, सांगितलं होतं ना?’ प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनला तो कानाशी बसून असतो. रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या इंटर्नशिपची पोस्ट दिसली की त्याची लाइव्ह कॉमेंट्री सुरू. आणि आपण काय करतो? त्याच्याशी वाद घालतो. ‘नाही, मी हुशार आहे’ असं आरशात बघून म्हणतो. पण वादात तो आपल्याला ऐकत नाही, कारण आपल्या सगळ्या चुका त्याला तोंडपाठ असतात.

जेमिमाच्या त्या खेळीतला एक आकडा बघा. १२७ धावांत १४ चौकार आणि एकही षटकार नाही. म्हणजे स्वतःच्या ७१ धावा तिने पळून काढल्या. जोडीदारांच्या धावांसाठी पळाली ते वेगळंच. त्याआधी जवळपास ५० ओव्हर फिल्डिंग झाली होती. त्या वेळी तिच्या डोक्यात काय चाललं होतं, हेही तिने सांगितलं. सुरुवातीला ती स्वतःशी बोलत खेळत होती. थकल्यावर बायबलमधलं एक वचन मनात म्हणत होती. शेवटी शेवटी दीप्ती शर्मा प्रत्येक चेंडूला तिच्याशी बोलून तिला धीर देत होती. आवाज थांबला नव्हता, पण माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता.

शरीराला जेव्हा खरंखुरं, नेमकं काम मिळतं, तेव्हा हेच होतं. पुढचा चेंडू, पुढचं पाऊल, पुढचा श्वास. एवढ्या जवळचं काहीतरी समोर असलं की ‘माझं आयुष्यात काय होणार’ या प्रश्नाला जागा कमी उरते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘सेल्फ-एफिकसी’ची, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाची मांडणी केली. त्यांच्या मते हा विश्वास सगळ्यात जास्त कशातून येतो, तर स्वतः काहीतरी करून दाखवण्याच्या अनुभवातून. कौतुक, मोटिव्हेशनल भाषणं हे सगळं त्यानंतर. थोडक्यात, डोक्यातल्या वकिलाशी भांडायचं नाही, त्याच्यापुढे नवा पुरावा ठेवायचा.

हा पुरावा गोळा करायला वर्ल्ड कप लागत नाही. नवी मुंबईत राहणाऱ्यांना तर बहाणाच नाही. सकाळी सहाला पाम बीच रोडवर जा, नाहीतर नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’मध्ये चक्कर मारा. पन्नाशीचे काका-काकू आपल्याला मागे टाकून जातात! पनवेलजवळ कर्नाळा आहे. किल्ल्याची चढण सुरू झाली की पहिल्या अर्ध्या तासात तो आवाज हमखास येतो, ‘परत फिरूया.’ त्याला उत्तर देऊ नका. समोरच्या वळणापर्यंत चला. मग पुढच्या वळणापर्यंत. माथ्यावर पोचल्यावर कळतं की तो आवाज ‘नाही जमणार’ म्हणत होता, तेव्हाही पाय चालतच होते. पुढच्या वायवाला हे आठवतं.

पण नुसता घाम पुरत नाही. जेमिमा म्हणाली, आजचा दिवस माझ्या फिफ्टीचा किंवा शंभरचा नव्हता, भारताला जिंकवण्याचा होता. शतक झाल्यावर तिने सेलिब्रेशनही केलं नाही. आपली मेहनत कुणासाठी तरी असली की ‘मी कशी दिसतेय, मी किती मागे आहे’ हा हिशोब मागे पडतो. एनएसएसचे १२० तास आपल्यातले अनेकजण ग्रेस मार्कांसाठी भरतात. पण खाडीकिनारी कांदळवनात गुडघाभर चिखलातून प्लास्टिक ओढून काढताना स्वतःला शिव्या द्यायला वेळ कुठे मिळतो? गोणी भरली की भरलेली दिसते. ती कुणाशी कम्पेअर करावी लागत नाही.

एक धोका मात्र आहे. हा आवाज हुशार असतो, तो बूट घालून आपल्यासोबत पळायलाही येतो. ‘अजून दोन किलोमीटर, नाहीतर तू आळशी.’ व्यायाम ही शिक्षा वाटायला लागली, तर तो पुन्हा जिंकला असं समजा. आणि आठवडेच्या आठवडे झोप, भूक, अभ्यास सगळंच बिघडलं असेल, तर ट्रेक हे त्यावरचं औषध नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २४ तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. त्या रात्री जेमिमानेही हेच सांगितलं, मदत मागण्यात काही चुकीचं नाही. अरुंधती रेड्डीसमोर ती जवळपास रोज रडली होती. स्मृती मानधना नेट्समध्ये फार काही न बोलता तिच्याजवळ नुसती उभी राहायची. आपल्या ग्रुपमधल्या कुणासाठी तरी असं उभं राहणं आपल्यालाही जमेल की!

आणि तो आवाज कायमचा जातो का? नाही. त्याच खेळीत ८२ वर असताना जेमिमाचा झेल उडाला होता. ॲलिसा हीलीच्या हातून तो सुटला, पण त्या आवाजाला बोलायला तेवढं निमित्त पुरतं. तिने पुढचा चेंडू खेळला. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच नेरुळच्या मैदानावर फायनल झाली. जेमिमाने त्यात फक्त २४ धावा केल्या. भारत ५२ धावांनी जिंकला आणि वर्ल्ड कप उचलताना तीही तिथेच होती.