एकदम बदला, पण जपून

समजा, आपल्या बचतगटाची नियमांची वही आपण संगणकावर लिहिली. नियम झाले ४०. प्रत्येक नियमाचे नाव मोठ्या अक्षरात हवे. मग आपण काय करतो? एकेक नाव धरतो आणि अक्षर मोठं करतो. ४० वेळा तोच खटाटोप! तेवढ्यात कुणी म्हणते, "अक्षर फार मोठं झालं हो!" झाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याला सोपा उपाय आहे. वर्डमध्ये वर 'होम' असते. त्यात 'स्टाईल्स' असतात. स्टाईल म्हणजे अक्षरांचा ठरलेला पोशाख. नियमाच्या नावावर क्लिक करा आणि 'हेडिंग १' निवडा. सगळ्या नावांना हाच पोशाख द्या. पुढे बदल करायचा झाला, तर 'हेडिंग १' वर माऊसचे उजवे बटण दाबा. 'मॉडिफाय' निवडा, अक्षर लहान करा, 'ओके' म्हणा. सगळी नावे एकदम लहान होतात. दवंडी पिटली की घरोघर निरोप द्यावा लागत नाही, तसंच हे.

शब्दही असेच बदलता येतात. 'कंट्रोल' धरून 'एच' दाबा. दोन रकाने दिसतील. वरच्यात जुना शब्द लिहा, खालच्यात नवा. 'रिप्लेस ऑल' दाबले की सगळीकडे बदल होतो.

पण थांबा! इथेच फसगत होते. समजा, महिन्याची बचत ५० रुपये होती, ती १०० झाली. आपण ५० च्या जागी १०० लिहून 'रिप्लेस ऑल' दाबले. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला नुसते आकडे दिसतात. १५०० च्या पोटातही ५० आहेत! एका बहिणीचे कर्ज १५०० होते, ते ११००० होऊन बसले. न वाचता सही केली, तर तिने काय करावे?

म्हणून 'मोअर' उघडा आणि 'फाईंड होल वर्ड्स ओन्ली' यापुढे खूण करा. मग १५०० ला धक्का लागत नाही. तरीही घाई नको. 'फाईंड नेक्स्ट' दाबत एकेक जागा पाहा. बदल हवा तिथेच 'रिप्लेस' दाबा. चुकलंच, तर लगेच 'कंट्रोल' धरून 'झेड' दाबा. बदल मागे फिरतो.

आणि शेवटी सारे एकदा वाचून काढा. यंत्र काम भराभर करते, पण हिशेब आपला आहे. तो आपणच वाचला पाहिजे.