शोधनिबंधाचे इंग्रजी

इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणाऱ्या मराठी भाषक संशोधकाचे घोडे सहसा शब्दांवाचून अडत नाही. विषयाची परिभाषा त्याला पाठ असते. अडते ते मांडणीत आणि वाक्यरचनेत. शास्त्रीय इंग्रजी बोलता बोलता आपोआप येत नाही. लंडनमध्ये जन्मलेल्या विद्यार्थ्यालाही तिचे संकेत शिकावेच लागतात. ते बऱ्याच अंशी ठरलेले असल्यामुळे इतरांनाही शिकता येतात.

विज्ञानातील बहुतेक निबंध प्रस्तावना, पद्धती, फलिते आणि चर्चा या क्रमाने जातात. त्यांत अवघड असते ती प्रस्तावना. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने 1990 मध्ये ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या पुस्तकात तिच्या तीन पायऱ्या दाखवल्या: विषयाचे महत्त्व व आजवरचे काम, त्या कामातील उणीव आणि ती भरून काढण्यासाठी केलेले प्रस्तुत संशोधन. समजा, निबंध कांद्याच्या साठवणुकीवर आहे. आधी चाळीतील नासाडीवर झालेले अभ्यास यावेत, मग पावसाळी दमट हवेत चाळीत वारा कसा खेळतो हे कुणी मोजलेले नाही ही उणीव आणि लगेच या निबंधात कोणत्या चाळींची तुलना केली ते. नवखा लेखक भारतीय शेतीचे महत्त्व सांगण्यात दोन पाने घालवतो आणि उणीव सांगायचीच राहते.

वाक्यांत मराठीचे वळण डोकावते. ‘जरी नमुने कमी होते, तरी फरक स्पष्ट दिसला’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘ऑल्दो’च्या जोडीला ‘बट’ हमखास येतो; इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरतो. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा चुकीच्या जागी पडतात. मोजता येणारी एक वस्तू प्रथमच सांगताना ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’, तिचाच पुन्हा उल्लेख करताना ‘द’, एवढा नियम पाळला तरी बऱ्याच चुका टळतात. ‘रिसर्चेस’ आणि ‘इक्विपमेंट्स’ ही अनेकवचने आपल्याकडे सर्रास दिसतात. शास्त्रीय लेखनात हे शब्द एकवचनीच ठेवावेत.

जड नामे हा आणखी एक दोष. ‘अ‍ॅन अ‍ॅनालिसिस ऑफ द सॅम्पल्स वॉज कॅरिड आउट’ या आठ शब्दांचे काम ‘वी अ‍ॅनलाइझ्ड द सॅम्पल्स’ हे चार शब्द करतात. दावाही पुराव्याच्या मापाचा हवा. एका तालुक्यातील नमुन्यांवरून ‘प्रूव्ह्ज’ म्हणणे परीक्षकाला खटकते. तिथे ‘सजेस्ट्स’ शोभते.

शब्दांसाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी न्यूझीलंडमध्ये तयार केलेली, 2000 साली प्रसिद्ध झालेली यादी उपयोगी पडते. तिच्यातील 570 शब्दकुटुंबे शास्त्रीय मजकुराचा सुमारे 10 टक्के भाग व्यापतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅकॅडमिक फ्रेजबँक’मध्ये तुलना करणे, मर्यादा सांगणे, मतभेद नोंदवणे यांसाठी रुळलेल्या वाक्यांचे साचे मिळतात.

साचा वापरणे आणि दुसऱ्याचा मजकूर उचलणे यांत मात्र फरक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातील 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. साम्य 60 टक्क्यांवर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. मूळ लेख वाचून बाजूला ठेवावा, आशय आपल्या शब्दांत लिहावा, मग मुळाशी ताडून पाहावा आणि संदर्भ द्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून भाषा तपासून घ्यायची असेल तर नियतकालिकाचे धोरण आधी वाचावे. अशा साधनाला लेखक म्हणून मान्यता देणार नाही, असे ‘नेचर’ने 2023 मध्येच जाहीर केले आहे.

सरावासाठी आपल्याच विषयातील दोन-तीन चांगले निबंध घेऊन प्रत्येक वाक्य काय काम करते ते समासात लिहावे. स्वतःचा मसुदा तपासताना आधी मांडणी, मग परिच्छेद आणि शेवटी व्याकरण पाहावे. नंतर तो सहकाऱ्याला वाचायला द्यावा आणि निबंधाचा मुख्य दावा काय, एवढेच विचारावे. उत्तर लेखकाच्या मनातल्या दाव्याशी जुळले, तर निबंध पाठवायला हरकत नाही.